लॅपटॉपचे कार्ड डेस्कटॉपला : जोडण्यापूर्वी काय पाहावे?

नागपूरच्या धरमपेठ परिसरात शाळा, महाविद्यालये, बँका व कार्यालये आहेत. अशा ठिकाणी एखादा लॅपटॉप निकामी झाला, तरी त्यातील कार्डे पुष्कळदा सुस्थितीत असतात. ती डेस्कटॉप संगणकात वापरता आली, तर सार्वजनिक पैशाची बचत होते आणि साठवण कार्डावरील माहितीही हाती लागते. मात्र कार्ड खाचेत बसले म्हणजे ते चालेलच, असे नाही. कार्ड व संगणक यांच्यातील देवाणघेवाण कोणत्या मार्गाने होते, हे आधी पाहणे अगत्याचे आहे.

जुनी कार्डे

पीसीएमसीआयए ही संस्था १९८९ मध्ये स्थापन झाली व १९९० मध्ये तिचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. ही कार्डे साधारणतः ८५.६ मिलिमीटर लांब व ५४ मिलिमीटर रुंद असतात. आरंभीची कार्डे १६ बिटांची होती. १९९५ मध्ये आलेली कार्डबस कार्डे ३२ बिटांची असून ३.३ व्होल्टवर चालतात. कार्डबसच्या खाचेत जुने कार्ड चालते. उलट जुन्या खाचेत कार्डबस कार्ड बसत नाही. ते जोराने दाबू नये. डेस्कटॉपमध्ये पीसीआय खाच असल्यास नियंत्रक चिप असलेला अडॅप्टर लागतो.

२००३ मध्ये एक्सप्रेसकार्ड आले. त्यात पीसीआय एक्सप्रेस व यूएसबी असे दोन मार्ग असतात. यूएसबी मार्ग वापरणारे कार्ड असेल, तर अडॅप्टरची यूएसबी तार मदरबोर्डला जोडल्याशिवाय ते चालत नाही.

अलीकडील कार्डे

आजच्या लॅपटॉपमधील एम.२ साठवण कार्ड बहुधा २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब असते. बाह्यरूप सारखेच असले, तरी त्यात साटा व एनव्हीएमई असे दोन भिन्न प्रकार आहेत. पीसीआय एक्सप्रेस खाचेतील साधा अडॅप्टर केवळ एनव्हीएमई कार्डासाठी उपयोगी पडतो. जुना डेस्कटॉप अशा कार्डावरून सुरू होईलच असे नाही. परंतु माहिती साठविण्यासाठी ते वापरता येते. काही वाय-फाय कार्डांचे निम्मे काम इंटेलच्या चिपसेटमध्येच होते. सीएनव्हीआय प्रकारची ही कार्डे अन्य संगणकात चालत नाहीत.

कार्यपद्धती

प्रथम कार्डावरील क्रमांक उतरवून घ्यावा, त्याचा मार्ग निश्चित करावा आणि वापरातील कार्यप्रणालीसाठी ड्रायव्हर उपलब्ध आहे काय, ते पाहावे. अडॅप्टरची खरेदी त्यानंतरच करावी. जोडणीपूर्वी वीजपुरवठा पूर्णपणे तोडावा व स्थिर विजेपासून संरक्षणासाठी पेटीच्या धातूस हात लावावा. नागपूरचा उन्हाळा ध्यानी घेता, एनव्हीएमई कार्डावर उष्णताशोषक पट्टी बसविणे इष्ट ठरते.

काढलेल्या कार्डाची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत करावी. निरुपयोगी साठवण कार्डावरील विद्यार्थ्यांची वा ग्रामस्थांची माहिती कायमची पुसावी आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे सोपवावे. अडॅप्टरचा खर्च नव्या कार्डाहून अधिक होत असल्यास मात्र नवे कार्ड घेणेच श्रेयस्कर होय.