बाभळीचे नवे नाव
बाभूळ, खैर व कोकणात वनखात्याने लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ ही झाडे फुलांतील असंख्य सुट्या केसरांवरून एकाच ‘अकेशिया’ प्रजातीत गणली जात. परंतु पेशीतील डीएनएच्या साखळीत चार घटक ज्या क्रमाने येतात, तो ताडून पाहता ही तीन निरनिराळी घराणी ठरली. मग नाव कोणाचे? सुमारे हजार जातींच्या ऑस्ट्रेलियन शाखेचे, असा निकाल वनस्पतिशास्त्र परिषदेने २००५ साली व्हिएन्नास दिला. २०११ साली मेलबर्नला तोच कायम झाला. आपली बाभूळ ‘व्हॅचेलिया निलोटिका’, खैर ‘सेनेगेलिया कटेचू’. मूळ नाव बाभळीवरूनच पडले असता ते परक्या घरी जावे, हे आम्हांस रुचत नाही. तथापि रोपवाटिकेत नुसते ‘अकेशिया’ मागणाऱ्यास बिनकाट्याचे ऑस्ट्रेलियन रोप मिळावयाचे, व काटेरी कुंपणास ते निरुपयोगी होय.