उसाच्या रसापासून घरगुती शिरका

शिरका (व्हिनेगर) दोन टप्प्यांत तयार होतो. प्रथम यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. नंतर जिवाणू त्याचे ॲसेटिक आम्ल बनवतात. पहिल्या टप्प्यास हवा नको, दुसऱ्यास हवीच. इथे चूक झाली की रस वाया जातो.

ताजा रस गाळून उकळावा, ३० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून यीस्ट मिसळावे. बरणी पाऊण भरून तोंडास कापसाचा बोळा लावावा. घट्ट झाकण लावल्यास वायूने बरणी फुटते. बुडबुडे थांबल्यावर वरची निवळी काढावी, तीत पाव भाग न तापवलेला जुना शिरका घालावा. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीस फडके बांधून सावलीत ठेवावी. लोखंडी, तांब्याची भांडी टाळावीत. शिरका विकायचा असल्यास प्रयोगशाळेत आम्लता तपासावी. ती किमान ३.७५ टक्के हवी.