टॅग वाचणाऱ्यांनी बाटलीही वाचावी

जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला लेबल वाचायला कुणी शिकवावे लागत नाही. बियाण्याच्या पिशवीचा टॅग निळा आहे की हिरवट, हे तो दुकानातच पाहून घेतो. निळा म्हणजे प्रमाणीकरण यंत्रणेने तपासलेले बियाणे, हिरवट म्हणजे कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेले सत्यप्रत. दोन्हींवर उगवणशक्ती टक्क्यांत लिहिलेली असते, लॉट नंबर असतो, तपासणीची तारीख आणि मुदत असते. सोयाबीनची उगवण ७० टक्क्यांच्या खाली गेली की तक्रारीला आधार मिळतो, आणि त्यासाठी पावती, टॅग, पिशवी व मूठभर बियाणे जपून ठेवायचे, हेही घरोघरी ठाऊक असते. याच घरात केसगळतीचे तेल आले की मात्र पुढच्या बाजूचा कांदा, माका, जास्वंद यांची चित्रे पाहून काम भागते. फार तर मागच्या बारीक अक्षरांतली नावे वाचली जातात आणि ओळखीची निघाली की समाधान होते. माझे म्हणणे असे की घटकांची यादी हे उत्पादकाचे निवेदन असते, पुरावा नव्हे. ते निवेदन दुसऱ्या कुणाला जितके तपासता येईल, तितकाच त्यावर भरवसा ठेवावा.

पहिली अडचण अशी की केसांसाठी म्हणून एकाच फळीवर मांडलेल्या बाटल्या एकाच कायद्याखाली येत नाहीत. मिनॉक्सिडिलचे द्रावण औषध आहे. त्यावर २ टक्के किंवा ५ टक्के असे स्पष्ट प्रमाण असते, आणि तेवढे प्रमाण बाटलीत नसेल तर ते औषध कायद्याने निकृष्ट ठरते. शाम्पू आणि सीरम ही सौंदर्यप्रसाधने. त्यांना २०२० चे नियम लागू आहेत. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर हव्या त्या क्रमाने, असे ते नियम सांगतात. आयुर्वेदिक तेलाच्या लेबलवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तिचा कोणता भाग वापरला आणि किती, हे द्यावे लागते. बायोटिनच्या गोळ्या किंवा चघळायच्या गमीज बहुधा खाद्यपूरक म्हणून विकल्या जातात. त्यांवर १४ अंकी अन्न परवाना क्रमांक आणि औषधी वापरासाठी नाही असा इशारा असतो. वरच्या बाजूला केस वाढतात असे सुचवायचे आणि खालच्या बाजूला औषध नाही असे छापायचे, ही दोन विधाने एकाच डबीवर गुण्यागोविंदाने नांदतात! म्हणून यादी वाचण्याआधी परवाना कोणता ते बघावे. मालाला औषधाचा परवाना नसेल, तर केस उगवण्याची हमी घ्यायला कायद्याने त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

यादीतली नावे खरी धरली तरी प्रश्न मिटत नाही, कारण नाव आणि मात्रा या वेगळ्या गोष्टी आहेत. एक टक्क्याच्या आतल्या घटकांना क्रमाचे बंधन नाही. त्यामुळे अर्धा टक्का असलेला कांद्याचा अर्क आणि नाममात्र घातलेला अर्क यादीत शेजारी बसू शकतात, आणि पुढच्या चित्रात कांदा तेवढाच मोठा असतो. यादीत पहिला घटक हलके द्रव पॅराफिन असेल, तर ते तेल आधी खनिज तेल आहे आणि नंतर बाकी सगळे. कांद्याच्या बाजूने नेहमी दिला जाणारा दाखला २००२ साली प्रसिद्ध झालेल्या बगदादच्या एका छोट्या अभ्यासाचा आहे. तो चाई पडलेल्या रुग्णांवर, कच्च्या कांद्याचा रस दिवसातून दोनदा लावून केला होता. चाईत केस पुष्कळदा आपणहून परततात, आणि पुरुषांचे कपाळाकडून मागे सरकणारे टक्कल हा मुळातच वेगळा विकार आहे. कच्चा रस आणि बाटलीतले कांदा-तेल हेही एक नव्हे. आयुर्वेदिक तेलाच्या लेबलवर मात्रा असते हे त्याचे बळ मानावे लागेल. तरी ती मात्रा तेल सिद्ध करताना घातलेल्या वनस्पतीची असते. त्यातले तेलात किती उतरले आणि त्वचेत किती गेले, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

आता याहून गंभीर भाग. लेबल आणि आतला माल यांची फारकत होते, आणि प्रत्येक वेळी त्यात लबाडीच असते असेही नाही. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप खाद्यपूरकाच्या लेबलवर एका मात्रेत २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम असे लिहिले होते. तपासणीत ते ४०,८०० निघाले. दहा राज्यांत २०१ जणांना बाधा झाली, आणि जुलाब, सांधेदुखी, नखांचे विकार यांच्याबरोबर अनेकांचे केस गळले. स्पेनमध्ये २०१९ साली उलटा प्रकार झाला. पित्ताच्या औषधाचे लेबल असलेल्या मालात मिनॉक्सिडिल गेले आणि ते दिलेल्या तान्ह्या मुलांच्या अंगावर केस उगवले. सेलेनियम हे नाव आपल्याकडे परके राहिलेले नाही. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांत माणसांची डोकी काही दिवसांत मोकळी झाली. आधी संशय शाम्पूवर गेला, मग पाण्यावर, मग बुरशीवर. पण बाधितांत शाम्पू न वापरणारेही होते. पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर, जे मूळचे आपल्याच जिल्ह्यातल्या देहेडचे, त्यांनी रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला. त्यांचा निष्कर्ष होता की गव्हातले सेलेनियम बेसुमार वाढलेले आहे आणि रुग्णांच्या शरीरात जस्त कमी आहे. हेच सेलेनियम केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांच्या यादीत अभिमानाने छापलेले असते. प्रौढाची रोजची गरज ४० ते ५५ मायक्रोग्रॅम, आणि ४०० च्या पुढे धोका. केस गळत आहेत म्हणून शेगावच्या त्या रुग्णांपैकी एखाद्याने तशी गोळी घेतली असती, तर लेबलवरचे प्रत्येक अक्षर खरे असूनही ती त्याच्या विकारात भरच घालती.

कुणी म्हणेल, शेजारच्याला गुण आला ना, मग लेबल गेले चुलीत. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण माणूस केसांसाठी पैसे मोजतो, कागदासाठी नाही. पण मोठा ताप, बाळंतपण, मनाला बसलेला धक्का यांनंतर सुरू होणारी गळती बहुधा तीन ते सहा महिन्यांत आपणच थांबते. बावस्करांनीही सांगितले की तो गहू सोडलेल्यांचे केस पाच-सहा आठवड्यांत थोडे परत येऊ लागले. जानेवारीत त्या गावांत कुणी कोणतेही तेल विकले असते, तर फेब्रुवारीत त्या तेलाचा बोलबाला झाला असता. दुसरा आक्षेप नैसर्गिक मालाचा: त्यात रसायन नाही, मग धोका कसला? मार्च २०२५ मध्ये पंजाबातल्या संगरूरला टक्कल घालवण्याच्या मोफत शिबिरात डोक्याला तेल लावून घेतलेल्या साठाहून अधिक जणांचे डोळे चुरचुरून सुजले. ते तेल कशाचे होते हे वाचायला त्यांच्या हातात लेबलच नव्हते. तिसरा आक्षेप असा की मग विश्वास ठेवायचा कशावर? तर जिथे एकच घटक, त्याचे प्रमाण आणि त्यावर झालेले अभ्यास उघड आहेत, तिथे. मिनॉक्सिडिलचा गुण सगळ्यांना येत नाही, सोडले की केस पुन्हा गळतात, आणि हे सगळे लिहिलेले आहे. ज्या मालाच्या मर्यादाही छापलेल्या असतात, त्याच्यावर माझा विश्वास जास्त बसतो.

गोळ्यांविषयी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. बायोटिनची रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅम असते, आणि केसांच्या कित्येक गोळ्यांत ते १० मिलिग्रॅम म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये इशारा दिला की इतके बायोटिन रक्ताच्या काही तपासण्या चुकवते. थायरॉइडची तपासणी त्यांतलीच, आणि केस का गळतात हे शोधताना डॉक्टर बहुतेक वेळा तीच आधी सांगतात. तेव्हा तपासणीआधी चालू असलेल्या गोळीची डबीच डॉक्टरांसमोर ठेवावी. मात्रेऐवजी खास मिश्रण एवढेच लिहिलेला माल घेऊ नये. बनवणारा कोण आणि विकणारा कोण हे वेगवेगळे छापलेले असते. त्यातला बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसेल तर बाटली परत ठेवावी. त्रास झाला तर बॅच नंबरसह बाटली आणि पावती जपावी, अगदी बियाण्याच्या पिशवीसारखी. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. आणि १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ प्रमाणे, विकत घेतलेले औषध किंवा प्रसाधन ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा आणि त्याचा अहवाल मिळवण्याचा अधिकार कोणत्याही ग्राहकाला आहे. त्यासाठी वकील लागत नाही, अर्ज लागतो.