नळयोजनेतील जलाघात

कोयना प्रकल्पात शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिम उताराकडे जाते आणि तेथून दाबबोगद्यांनी पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते. दोहोंच्या सांध्यावर एक उभी खोल विहीर आहे. तिला उल्लोल विहीर म्हणतात. जनित्रे एकाएकी थांबली, तर धावत्या पाण्याला वर चढण्यास तेथे वाव मिळतो. सातारा-सांगलीच्या गावोगावच्या नळयोजनांत अशी विहीर नसते. धक्का मात्र तेथेही बसतो, आणि तो नळीलाच सोसावा लागतो.

वाहते पाणी अकस्मात अडले की त्याचा वेग दाबात परिवर्तित होतो आणि दाबाची लाट नळीतून मागे धावते. यालाच जलाघात म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून त्याचे गणित मांडले. ही लाट पोलादी नळीत सेकंदाला सुमारे १,००० मीटर जाते. अशा नळीत सेकंदाला दीड मीटर वेगाने वाहणारे पाणी एकदम थांबले, तर मूळच्या दाबात सुमारे १५० मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाची भर पडते. पीव्हीसी नळीत लाट मंद असल्याने धक्का निम्म्याहून कमी असतो. पण ती नळीही तितकीच दुबळी असते.

'एकदम' म्हणजे किती वेळात? लाट नळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत येण्यापूर्वी. दोन किलोमीटरच्या पोलादी नळीत हा अवधी अवघा चार सेकंदांचा असतो. स्लुइस व्हॉल्व्ह फिरवताना आणखी एक फसगत होते. पहिले अर्धे फेरे दिले तरी प्रवाह फारसा घटत नाही. तो तुटतो तो अखेरच्या थोड्या फेऱ्यांत. म्हणून सावकाशपणा शेवटी हवा, आणि नेमकी तेथेच घाई होते. लाट शाखेच्या बंद टोकाशी पोहोचली की दाबाची वाढ तेथे दुप्पट होते. त्यामुळे व्हॉल्व्ह एका आळीत फिरवला जातो आणि नळी फुटते दुसऱ्याच आळीत.

उपसा वाहिनीची तऱ्हा वेगळी. कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून ते खानापूर-आटपाडीकडे चढवले जाते. अशा चढावरच्या वाहिनीत वीज गेली की पंप थांबतो, पण पाणी जडत्वाने पुढेच जात राहते. मागे दाब घटतो, उंचवट्यावर पाण्याचा स्तंभ तुटून पोकळी होते. मग पाणी परत फिरते आणि दोन्ही स्तंभ एकमेकांवर आदळतात. एकदिशा व्हॉल्व्ह उशिरा मिटला, तर तोही आपटतो.

माण, जत यांसारख्या टंचाईग्रस्त तालुक्यांत दिवसाआड पाणी सोडावे लागते, तेव्हा रिकामी नळी प्रत्येक वेळी नव्याने भरते. ती वेगाने भरली, तर हवा निघून जाताच पाणी टोकावर आदळते. उंचवट्यावरचा गंजलेला हवेचा व्हॉल्व्ह दुरुस्त करण्यास लागणारा खर्च फुटलेली नळी बदलण्याच्या खर्चापुढे नगण्य ठरतो. तरीही पंचायतीच्या दुरुस्तीच्या यादीत तो सहसा अखेरीस येतो.