शिक्का मारलेली पोच

पाणी बंद असल्याची बातमी आपल्या शहरात कुणाचीच चुकत नाही. गुरुवारी पाणी येणार नाही असे कळले की बुधवारी रात्री घरोघरी बादल्या, पातेली, पिंपे भरलेली असतात. जी बातमी एका दिवसाची गैरसोय सांगते ती प्रत्येक घरात पोहोचते. ज्या बातमीचे परिणाम पुढची वीस वर्षे भोगायचे असतात ती मात्र छापून येऊनही कुणी वाचत नाही. महापालिकेला ती छापावीच लागते, तसा कायदाच आहे. आणि ती छापली की मुदत सुरू होते, मग आपण ती वाचलेली असो वा नसो.

आमच्या वसाहतीमागच्या मैदानाच्या बाबतीत हे मी जवळून पाहिले. शहराचे आणि कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण असे कुठल्याही शहरात घडू शकते.

त्या जागेला आम्ही सगळे पिंपळाचे मैदान म्हणायचो. विकास आराखड्यात तिच्यावर ‘खेळाचे मैदान’ असे आरक्षण होते. सकाळी मुले क्रिकेट खेळायची, संध्याकाळी म्हातारी माणसे फेऱ्या मारायची. आराखड्यात मैदान दाखवले आहे म्हणजे ते कायमचे आपले, अशी सगळ्यांची समजूत होती. पण मंजूर आराखड्यातही बदल करता येतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार महापालिका तशी सूचना राजपत्रात प्रसिद्ध करते, लोकांकडून हरकती मागवते, ज्यांच्यावर परिणाम होणार आहे त्यांची सुनावणी घेते आणि मग प्रस्ताव राज्य सरकारकडे मंजुरीला पाठवते. हरकतीसाठी एक महिना मिळतो.

आमची सूचना स्थानिक वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आली होती. वरच्या चौकटीत कुणाची तरी गुणपत्रिका हरवली होती, खाली कुणी नावात बदल केला होता आणि मधे बारीक टाइपात आमचे मैदान होते. मजकूर साधारण असा: मौजे अमुक येथील स.नं. अमुक पैकी, आरक्षण क्रमांक अमुक ‘खेळाचे मैदान’ यामधील अंशतः क्षेत्र वगळून ते ‘वाहनतळ व व्यापारी संकुल’ म्हणून दर्शविणे. पिंपळ कुठेच नाही. आमच्या वसाहतीचे नाव नाही, बाजूच्या शाळेचे नाही, रोजच्या बसथांब्याचेही नाही. जिथे आयुष्य काढले ती जागा कागदावर कोणत्या आकड्याने ओळखली जाते हे माहीत नसेल, तर माणूस ही सूचना वाचूनही पान उलटून पुढे जातो. पुष्कळांचे तसेच झाले.

ती ओळखली ती आमच्या गल्लीतल्या नानांनी. पाटबंधारे खात्यात नोकरी झालेली असल्यामुळे सर्व्हे नंबर, गट नंबर त्यांना तोंडपाठ. कात्रण घेऊन ते घरी आले आणि म्हणाले, “पोरी, हे आपलंच मैदान आहे. नकाशा बघून येऊ.” सूचनेतच लिहिलेले असते की नकाशा कार्यालयीन वेळेत पाहायला ठेवला आहे. आम्ही नगररचना विभागात गेलो. भाग नकाशा टेबलावर पसरून दाखवला, कुणी अडवले नाही. नकाशावर बोट ठेवल्यावर कळले की वाहनतळाचा उतार नेमका शाळेच्या मागच्या फाटकासमोर येतो.

नकाशा जाऊन पाहण्याचे महत्त्व मला इथे ठासून सांगायचे आहे. अनेक सुशिक्षित लोक अशा वेळी आधी माहितीच्या अधिकारात अर्ज करतात. दहा रुपयांत अर्ज होतो, हक्क मोलाचा आहे, मी स्वतः तो वापरते. पण त्याचे उत्तर द्यायला कार्यालयाला तीस दिवस असतात आणि हरकतीलाही महिनाच असतो. उत्तर हातात पडेपर्यंत दार बंद झालेले असते. आधी जाऊन नकाशा पाहावा, त्याचा फोटो घेऊ देतात का ते विचारावे, हरकत द्यावी. माहितीचा अर्ज पुढच्या टप्प्यासाठी ठेवावा.

तोवर वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटावर दोन निरोप फिरत होते. पहिला असा, की मैदान गेले, सोमवारी जेसीबी येणार. त्याने लोक घाबरले. दुसरा चार दिवसांनी आला: भाऊंनी वर बोलून काम थांबवले आहे, कुणी काळजी करू नये. नुकसान या दुसऱ्या निरोपाने केले. तेव्हा महापालिकेवर प्रशासक होता. मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका थेट जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. त्या मधल्या काळात प्रभागात निवडून आलेला नगरसेवक नव्हता, ‘भाऊ’ माजी होते. त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पण प्रसिद्ध झालेली सूचना कुणाच्या फोनने रद्द होत नाही. हा निरोप वाचून लिहायला बसलेल्या कितीतरी घरांनी पेन खाली ठेवले.

सह्यांची मोहीमही झाली होती. मोठे निवेदन तयार झाले, पानेच्या पाने सह्या जमल्या. ते भाऊंच्या हाती समारंभाने दिले गेले, छायाचित्र छापूनही आले. नानांनी निवेदन नेणाऱ्या मुलांना एवढेच विचारले, “टपाल कक्षात दिलंत का? शिक्का कुठाय?” शिक्का नव्हता. निवेदन आवक झालेच नव्हते. सह्यांसमोर पत्तेही नव्हते, तेव्हा सुनावणीचे पत्र जाणार तरी कुणाला? सुनावणीच्या दिवशी ज्यांच्या हरकतींना आवक क्रमांक होता त्यांचीच नावे पुकारली गेली. बाहेर उभी असलेली बाकीची माणसे तावातावाने बोलत होती, पण त्यांचे म्हणणे नोंदवून घेण्याची तिथे सोयच नव्हती. संबंधित अधिकारी नियमाने वागले. हे पचवायला जड गेले, पण तेही लिहिले पाहिजे.

सुनावणीत प्रत्येकाला थोडाच वेळ मिळतो. आमच्यापैकी काहीजण मैदानावरच्या आठवणी सांगत राहिले. साहेबांनी ऐकून घेतले, टिपणात एक ओळ लिहिली. एका पालक बाईंनी मात्र नकाशाची प्रत पुढे केली, शाळेचे मागचे फाटक दाखवले, सुटीच्या वेळी मुले कोणत्या बाजूने बाहेर पडतात ते सांगितले आणि उतार दुसरीकडे न्यावा, शाळेलगतची पट्टी खुली ठेवावी अशी लेखी मागणी दिली. त्यांच्यापाशी साहेब थांबले, उलट प्रश्न विचारले, नकाशावर पेन्सिलीने खूण केली. शेवटी मंजूर प्रस्तावात शाळेलगतची पट्टी मैदान म्हणून राहिली आणि बाकीची जागा गेली. “विरोध आहे” एवढ्या एका ओळीच्या हरकतीचा निपटारा एका ओळीत होतो. जागा, आकडा, अडचण आणि पर्याय सांगणाऱ्या हरकतीला उत्तर द्यावे लागते.

लोकांच्या हरकतींनी काहीच होत नाही, असे म्हणणाऱ्यांना मुंबईचे उदाहरण द्यावेसे वाटते. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. लोकांनी आपापल्या गल्लीचे नकाशे उघडून पाहिले आणि चुकांवर बोट ठेवले. हजारो हरकती गेल्या. एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो परत दुरुस्त करायला लावला, २०१६ मध्ये सुधारित प्रारूप आले आणि २०१८ मध्ये आराखड्याला मंजुरी मिळाली. देशातल्या सर्वांत मोठ्या महापालिकेचा आराखडा नव्याने करावा लागला, त्यामागे आपापल्या इमारतीपुरता नकाशा नीट वाचणाऱ्या सामान्य माणसांचा मोठा वाटा होता.

आरक्षणाबद्दल आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. पाटी लावलेली, कुंपण घातलेली जागा महापालिकेच्या ताब्यात असतेच असे नाही. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मूळ मालक त्याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपते. त्यासाठी हरकती मागवत नाहीत, सुनावणीही होत नाही. आपल्या भागातल्या बागेची, शाळेची, दवाखान्याची आरक्षित जागा ताब्यात आली आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारून ठेवावे. त्या अर्जासाठी तीस दिवस थांबायला हरकत नाही. आम्ही आता आमच्या प्रभागातल्या उरलेल्या आरक्षणांबद्दल तसे अर्ज दिले आहेत.

छापलेली सूचना न वाचल्याचा फटका घरपट्टीतही बसतो. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत १९७० पासून होती. मध्ये ती बंद झाली आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने पुन्हा लागू केली. पण ज्यांची सवलत काढली गेली होती त्यांना पीटी-३ नावाचा अर्ज भरून, आपण त्याच घरात राहतो याचा पुरावा जोडून, ठरलेल्या तारखेच्या आत द्यायचा होता. निर्णयाची मोठी बातमी सगळ्यांनी वाचली. अर्जाची छोटी बातमी ज्यांनी वाचली ते वेळेवर रांगेत उभे राहिले. महापालिकेच्या बातमीत मथळ्यापेक्षा शेवटचा परिच्छेद महत्त्वाचा असतो, कारण तारीख, कार्यालय आणि कागदपत्रे तिथे असतात. तो कापून ठेवावा.

निवडणुकीआधीच्या प्रभागनिहाय प्रारूप मतदार याद्यांवरच्या हरकतींना तर फारच थोडे दिवस मिळतात. नाव दुसऱ्याच प्रभागात गेले असेल तर ते याच काळात सांगायचे असते.

आता आमच्याकडे काय चालते ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर बरे. प्रत्येक इमारतीच्या सूचना फलकावर सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबर, प्रभाग क्रमांक आणि क्षेत्रीय कार्यालयाचा पत्ता लावलेला आहे. हे नंबर शोधायला लांब जावे लागत नाही, घराच्या इंडेक्स टूवर किंवा मिळकत पत्रिकेवर ते असतात. वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनांचे पान वाचायचे काम घरे वाटून घेतात. मंडईतून येता येता क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर नजर टाकणाऱ्या दोन आजी आहेत, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. व्हॉट्सॲपवर कात्रणाचा तारखेसह फोटो असेल तरच बातमी पुढे पाठवायची, नुसते “असे कळते” चालत नाही. मुदत मोजताना राजपत्राची तारीख पाहायची. सूचना वर्तमानपत्रात दोन-चार दिवस उशिरा येऊ शकते आणि आपण तिथून महिना मोजला तर शेवटचे दिवस हातचे जातात. राजपत्राच्या विभागीय पुरवण्या शासनाच्या संकेतस्थळावर पाहता येतात.

हरकत प्रत्येक घराने वेगळी द्यायची, आपल्या शब्दांत, नाव, पत्ता आणि फोन नंबरासह. दोन प्रती न्यायच्या, एक टपाल कक्षात द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ईमेल केली तरी कागद द्यायचाच. सुनावणीचे पत्र आले की जायचे. त्या दिवशी रजा काढावी लागते, रिक्षाचा खर्च होतो, बाकावर ताटकळत बसावे लागते. तरी जायचे, कारण गैरहजर माणसाच्या हरकतीची बाजू मांडायला तिथे दुसरे कुणी नसते.

आता नगरसेवक निवडून आले आहेत. त्यांच्याकडेही जावे. प्रभाग समितीच्या बैठका, स्थायी समितीची विषयपत्रिका, मुख्य सभेचे इतिवृत्त हे सगळे मागता येते. क्षेत्रसभेची तरतूद तर २००९ पासून कायद्यात आहे, ती आपल्या भागात कधी बोलावणार हे त्यांना लेखी विचारावे. पुण्यासारख्या महापालिकेत अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातली कामे सुचवून घेतात, तो अर्ज भरावा. पण नगरसेवकांना दिलेले पत्र म्हणजे महापालिकेला दिलेली हरकत नव्हे, ती दोन्ही वेगवेगळी द्यावीत.

माझी विनंती एवढीच आहे, की कुठलीही सूचना येण्याची वाट पाहू नका. या आठवड्यात घराची इंडेक्स टू काढा, सर्व्हे नंबर वहीत लिहा, आणि क्षेत्रीय कार्यालयाकडे जाणे झाले तर आपल्या गल्लीचा भाग नकाशा एकदा डोळ्यांखालून घाला.