तीन मतदारांची पोटनिवडणूक

निवडणुकीचा खर्च प्रजा आनंदाने सोसते. कारण त्यायोगे तिला आपला प्रतिनिधी निवडता येतो. परंतु ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, निराळाच प्रकार घडत असे. १९९९ च्या कायद्याने वंशपरंपरेने बसणाऱ्या बहुसंख्य उमरावांचे सदस्यत्व संपले. केवळ ९२ जणांना राहू दिले. त्यांपैकी दोघे परंपरागत दरबारी पदांमुळे राहिले. उरलेल्या ९० जागांपैकी एखादी रिकामी झाली, की २००२ पासून तिच्यासाठी पोटनिवडणूक होई. उमेदवार उमरावच आणि मतदारही बहुधा त्याच पक्षाचे सभागृहातील वंशपरंपरागत सदस्य! २०१६ साली लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या एका जागेसाठी सात उमेदवार उभे होते. मतदार मात्र अवघे तीन. तिघांनीही व्हायकाउंट थर्सो यांनाच मत दिले. तरीही उमेदवारांची नोंद, मतपत्रिका, मतमोजणी, निकालाची घोषणा हे सारे सोपस्कार सरकारी खर्चाने यथासांग पार पडले.

अशा निवडणुकीस लागणारी रक्कम अल्प असेल. परंतु जिच्यात प्रजेला मतच नाही, तिचा भार प्रजेने का वाहावा, हा प्रश्न अल्प नव्हे. २०२४ मध्ये सभागृहाने या पोटनिवडणुका स्थगित केल्या. विद्यार्थिमित्रहो, खर्चाचा हिशेब पाहताना तो कोणासाठी होतो, हेही पाहावे.