मित्रराष्ट्र, संशयित आणि लेखी शब्द

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान नगरीला लागून असलेले गाव. काही दिवसांपूर्वी तेथील ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्याशी बोलण्याचा योग आला. विषय दुसराच होता, परंतु एका सेवानिवृत्त गुरुजींनी मध्येच विचारले, "अमेरिका आपली मित्र म्हणवते. मग मुंबईवरील हल्ल्यातला एक आरोपी आपल्या स्वाधीन करायला तिला सोळा वर्षे का लागली? आणि दुसरा तर ती देतच नाही. आपले सरकार दबाव आणत नाही काय?" प्रश्न रास्त होता. त्या वेळी मला दिलेले उत्तर तुटक वाटले, म्हणून हा विषय येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहे.

आरंभ मारुंजीपासून फार दूर नसलेल्या चिंचवडपासून करणे सोयीचे होईल. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँड व आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडणारे चापेकर बंधू चिंचवडचे. त्यांच्या फाशीची वार्ता ऐकून भगूरच्या ज्या मुलाने सशस्त्र क्रांतीची शपथ घेतली, त्या विनायक दामोदर सावरकरांमुळेच पुढे दोन मित्रराष्ट्रांत संशयिताच्या ताब्यावरून वाद उपस्थित झाला आणि तो आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला.

मार्सेल्सचा किनारा

नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा २१ डिसेंबर १९०९ रोजी वध झाला. त्यासाठी वापरलेले पिस्तूल लंडनहून सावरकरांनी पाठविलेल्यांपैकी होते, असा सरकारचा आरोप होता. १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांना अटक झाली व 'मोरिया' या बोटीतून त्यांना हिंदुस्थानात पाठविण्यात आले. ८ जुलै रोजी बोट मार्सेल्स बंदरात असताना त्यांनी खिडकीतून समुद्रात उडी घेतली आणि पोहत फ्रान्सचा किनारा गाठला. पाठलाग सुरू झाला. एका फ्रेंच पोलीस शिपायाने त्यांना पकडले आणि तेथल्या तेथे पुन्हा बोटीवर पोचविले. या शिपायाचा हुद्दा कागदोपत्री 'ब्रिगेडियर' असा आहे. तो सैन्यातील ब्रिगेडियर नव्हे, आपल्याकडील हवालदाराच्या बरोबरीचा समजावा. बोटीवरील कोणी खलाशी काही गुन्हा करून पळत आहे, अशी त्याची समजूत झाली होती.

फ्रान्समध्ये यावरून मोठे वादळ उठले. समाजवादी पुढारी जाँ जोरेस यांच्या 'ल्युमानिते' या पत्राने हा विषय लावून धरला. पॅरिसमध्ये मादाम कामा खटपट करीत होत्या. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या राजकीय आरोपीला प्रत्यार्पणाची कोणतीही रीत न पाळता परत देणे हा आमच्या सार्वभौमत्वाचा भंग होय, अशी भूमिका फ्रेंच सरकारला घ्यावी लागली. सावरकरांना परत पाठवा, अशी मागणी त्याने ब्रिटनकडे केली. १९०४ च्या समझोत्यापासून ही दोन राष्ट्रे मित्र होती आणि जर्मनीच्या वाढत्या बळामुळे एकमेकांना दुखविणे दोघांनाही परवडणारे नव्हते. ब्रिटनने कैदी परत दिला नाही, पण मागणीही झिडकारली नाही. २५ ऑक्टोबर १९१० रोजी करार होऊन प्रकरण हेग येथील लवादाकडे सोपविण्यात आले. तथापि मुंबईतील खटला काही थांबला नाही. तो सप्टेंबरातच सुरू झाला होता. डिसेंबरात जन्मठेपेची एक शिक्षा झाली, जानेवारीत दुसरी झाली, आणि मग फेब्रुवारीत लवादाचे काम सुरू झाले!

लवादाचा निर्णय २४ फेब्रुवारी १९११ रोजी आला. अटकेच्या व स्वाधीन करण्याच्या रीतीत अनियमितपणा घडला, हे लवादाने मान्य केले. परंतु ब्रिटनने कपट वा बळजबरी केलेली नाही. आणि परक्या देशाच्या नोकराच्या चुकीमुळे कैदी हाती आला, एवढ्यावरून तो परत केलाच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम नाही, असे ठरविले. फ्रान्स हरले.

ते का हरले, हे कार्यालयात काम करणाऱ्यांनी बारकाईने पाहण्यासारखे आहे. बोट निघण्यापूर्वीच, २९ जून रोजी, लंडनच्या पोलिसांनी पॅरिसच्या पोलीस खात्याला पत्र पाठवून या प्रवासाची माहिती दिली होती. बोट बंदरात आल्यावर मार्सेल्सचे पोलीस अधिकारी तिच्यावर जाऊन सहकार्याची तयारीही दाखवून आले होते. ९ जुलै रोजी बोट निघून जाईपर्यंत शिपायाने केले ते चूक, असे फ्रान्सच्या एकाही अधिकाऱ्याने म्हटले नाही. एका बाजूला पत्र होते आणि दुसऱ्या बाजूला मौन होते. लोकमत व नैतिक बळ फ्रान्सकडे असले, तरी कागद ब्रिटनच्या बाजूचा होता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. सावरकरांना त्या वेळचे राज्यकर्ते काहीही म्हणोत, परकीय सत्तेविरुद्धचा लढा आणि रेल्वेस्थानकावरील प्रवाशांवर केलेला बेछूट गोळीबार यांना एका मापाने मोजता येणार नाही. हा भेद कायद्यातही आला आहे. राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी प्रत्यार्पण नाही, हे जुने तत्त्व आपल्या १९६२ च्या प्रत्यार्पण अधिनियमात आहेच. परंतु कोणते गुन्हे राजकीय मानता येणार नाहीत याची यादी १९९३ च्या दुरुस्तीने त्याला जोडण्यात आली.

अमेरिकेचे दोन आरोपी

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळू. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. त्यासाठी मुंबईत हिंडून ठिकाणांची पाहणी करणारा डेव्हिड हेडली हा अमेरिकन नागरिक. त्याने पुण्याच्या कोरेगाव पार्क भागाचीही पाहणी केली होती. त्याला ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागो येथे अटक झाली. १८ मार्च २०१० रोजी त्याने गुन्हा कबूल केला तो तेथील सरकारी वकिलांशी लेखी करार करून. त्यात देहदंड नाही आणि भारत, पाकिस्तान व डेन्मार्क यांच्याकडे प्रत्यार्पण नाही, अशी हमी त्याला मिळाली. मोबदल्यात त्याने माहिती व साक्ष द्यायची होती. भारताने प्रयत्न सोडले नाहीत. जून २०१० मध्ये आपल्या राष्ट्रीय तपास संस्थेच्या पथकाला त्याची चौकशी करता आली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने दूरचित्र यंत्रणेद्वारे त्याची साक्ष नोंदविली. दबावाने एवढे साधले. करार मात्र मोडला नाही. २०१३ मध्ये त्याला अमेरिकेतच ३५ वर्षांची शिक्षा झाली.

त्याचा मित्र तहव्वूर राणा याच्याशी असा करार झालेला नव्हता. त्याच्या स्थलांतर सल्ला व्यवसायाची शाखा म्हणून हेडलीने मुंबईत ताडदेवला कार्यालय थाटले होते. २०११ मध्ये शिकागोच्या ज्यूरींनी राणाला लष्कर-ए-तय्यबास साहाय्य केल्याबद्दल व डेन्मार्कमधील कटाबद्दल दोषी धरले, पण मुंबई हल्ल्यास साहाय्य केल्याच्या आरोपातून मुक्त केले. त्यामुळे भारताने मागणी केली तेव्हा त्याचा बचाव तयारच होता : एकदा सुटलो, त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला कसा? १९९७ साली स्वाक्षरी झालेल्या भारत-अमेरिका प्रत्यार्पण करारात तसा निर्बंध आहे. सारा वाद मग त्या करारातील 'गुन्हा' या एका शब्दाच्या अर्थावर आला. गुन्हा म्हणजे घडलेली कृती, की कायद्याच्या कलमात सांगितलेले गुन्ह्याचे घटक? भारतातील आरोपांचे घटक वेगळे आहेत, असे मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयाने व ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने मानले. २१ जानेवारी २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी प्रत्यार्पणाची जाहीर घोषणा केली ती त्यानंतर, फेब्रुवारीत. आणि १० एप्रिल २०२५ रोजी राणाला दिल्लीस आणण्यात आले. वृत्तपत्रांतून ती घोषणा ठळकपणे झळकली. माझ्या मते निर्णायक काम झाले ते आरोपपत्राची कलमे जुळविणाऱ्या वकिलांच्या टेबलावर.

आपणच शब्द देतो तेव्हा

हे झाले दुसऱ्याच्या शब्दाविषयी. आपण दिलेला शब्द याहून अवघड जातो. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यातील आरोपी अबू सालेम याला सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनला अटक झाली. पोर्तुगालशी आपला प्रत्यार्पण करार त्या वेळी नव्हता. आणि मृत्युदंड वा आमरण कारावास होऊ शकेल अशा ठिकाणी हमी घेतल्यावाचून आरोपी पाठविण्यास त्या देशाची राज्यघटना आड येत होती. डिसेंबर २००२ मध्ये तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी हमी दिली : सालेमला फाशी होणार नाही आणि २५ वर्षांहून अधिक काळ कारावास होणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये तो मुंबईत आला.

पुढे त्याच्यावर काही वाढीव आरोप ठेवण्यात आले. हा अटींचा भंग होय, असे म्हणून पोर्तुगालच्या न्यायालयांनी २०११-१२ मध्ये प्रत्यार्पणाची परवानगीच रद्द ठरविली. मित्रराष्ट्राचा दबाव या वेळी आपल्यावर होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्या न्यायालयांचा निर्णय आपल्यावर बंधनकारक नसल्याचे सांगितले. पण दोन्ही देशांतील सौहार्द ध्यानात घेऊन ते वाढीव आरोप मागे घेण्यास तपास यंत्रणेला अनुमती दिली. सप्टेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने त्याच खटल्यात दोघांना फाशी सुनावली. सालेमला जन्मठेप झाली.

ज्यांच्या घरचे माणूस त्या शुक्रवारी परत आले नाही, त्यांना हा भेद समजावून सांगणे कठीण आहे. मारुंजीतही मला ते नीट जमले नाही. "शब्द दिला म्हणून काय झाले? माणूस हाती आला ना?" असे एका सदस्याने विचारलेच. हाती आला तो त्या शब्दामुळेच. तो आज मोडला, तर उद्या दुसऱ्या एखाद्या आरोपीसाठी भारत हमी देईल तेव्हा परदेशातील न्यायाधीश सालेमचे कागद पुढे ठेवतील. मृत्युदंड नसलेल्या देशाने आरोपी स्वाधीन केला, तर येथे जन्मठेपच देता येईल, अशी तरतूद आपल्याच अधिनियमाच्या कलम ३४-क मध्ये आहे. मुदतीची अट मात्र केवळ त्या पत्रातून आली.

११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या पत्राचा अर्थ लावला. हमी न्यायालयांना बांधत नाही, शासनाला बांधते. मुदत १२ ऑक्टोबर २००५ पासून मोजायची. ती संपली की केंद्र सरकारने राज्यघटनेच्या ७२ व्या अनुच्छेदान्वये राष्ट्रपतींना सल्ला द्यावयाचा आणि आवश्यक कागदपत्रे एक महिन्याच्या आत पुढे पाठवावयाची. या हिशेबाने २५ वर्षे २०३० च्या ऑक्टोबरात पुरी होतात.